कृपा आणि हजेरीवही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मिरजेची. बत्तीस वर्षं नर्सिंग केलं, त्यातली निम्मी रात्रपाळीत गेली, आणि त्याच्या जोडीला वीस-बावीस वर्षं मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मुलांचं संडे स्कूल घेतलं. खालचे प्रश्न लोकांनी मला वर्गात विचारले, वॉर्डात विचारले, लग्नाच्या पंगतीत आणि मयताच्या घरीही विचारले. दोन-तीन माझे स्वतःचे आहेत. धर्मशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पाळकसाहेबांना विचारायला संकोच वाटतो म्हणून जे माझ्याकडे येतात, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवते आहे.

कृपा म्हणजे नेमकं काय? दया आणि कृपा एकच ना?

जवळजवळच्या गोष्टी आहेत, पण एक नव्हेत. शिक्षा व्हायची ती टळली, ही दया. ज्यावर आपला काडीचा हक्क नव्हता ते पदरात पडलं, ही कृपा. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत शब्द आहे 'खारिस'. त्यात देणाऱ्याची मर्जीही येते आणि दिलेलं दानही येतं. येशूचा प्रेषित पौल इफिसच्या मंडळीला स्पष्ट लिहितो की तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने, विश्वासाच्या द्वारे झालं. ते देवाचं दान आहे, आणि कोणी बढाई मारू नये म्हणून ते कर्मांनी झालेलं नाही (इफिस २:८-९).

आमच्या भागात हे समजावताना मी ऊसतोडीचं उदाहरण देते. टोळीला हंगामाआधी मुकादमाकडून उचल मिळते. मग महिनोन् महिने फडात राबून ती फेडायची, आणि कित्येकदा हंगाम संपला तरी वहीत बाकी उरतेच. आपल्यातले पुष्कळ विश्वासणारे कृपेला अशी उचल समजतात. देवाने क्षमा आधी देऊन ठेवली, आता जन्मभर उपास, प्रार्थना, वर्गणी, सेवा करून ती फेडायची. फेडणं जमतंय असं वाटलं की मान ताठ, नाही जमलं की तोंड लपवायचं. कलस्सैकरांच्या पत्रात (२:१४) पौल नेमका या वहीबद्दल बोलतो: आपल्याविरुद्धचा ऋणलेख देवाने खोडला आणि वधस्तंभाला खिळून टाकला. बाकी पुढच्या हंगामावर ढकललेली नाही. वहीच राहिलेली नाही.

परूशी म्हणजे ढोंगी लोक, असंच ना?

असं शिकवलं जातं, मीही तसंच शिकवत होते. ते अर्धवट आहे. परूशी हे त्या काळच्या यहुदी समाजातले मनापासून धर्म पाळणारे लोक. इतिहासकार योसेफस त्यांची संख्या ६,००० हून अधिक सांगतो. येशू त्यांच्या घरी जेवायला गेला. लूकच्या शुभवर्तमानातच असे तीन प्रसंग आहेत. हेरोद तुझ्या जिवावर उठलाय, इथून निघून जा, हे येशूला येऊन सांगणारेही परूशीच होते (लूक १३:३१). निकदेम परूशी, गमलियेल परूशी, पौल तर स्वतःच्या तोंडाने परूशी म्हणवून घेणारा. हा शब्द शिवीसारखा वापरून ख्रिस्ती लोकांनी यहुद्यांवर शतकानुशतकं अन्याय केला आहे. म्हणून तो तोंडात घेताना मी आता जपते.

आणि म्हणूनच लूक १८ मधला दाखला बोचतो. मंदिरात प्रार्थनेला उभा राहिलेला परूशी खोटं बोलत नाही. आठवड्यातून दोनदा उपास करतो म्हणतो, करत असणारच. नियमशास्त्राने सगळ्यांना वर्षातून एकच, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा उपास सांगितला होता. मिळेल त्या सगळ्याचा दशांश देतो, हेही खरं. आजच्या कुठल्याही मंडळीने त्याला कमिटीवर घेतलं असतं. दुसरा माणूस जकातदार. आपल्याकडच्या जुन्या ट्रक ड्रायव्हरांच्या कपाळाला 'जकात नाका' म्हटलं की अजून आठी पडते, तिथे तर परक्या राजवटीची जकात होती. तो लांब उभा राहतो, वर बघत नाही, ऊर बडवतो आणि म्हणतो, देवा, मज पाप्यावर दया कर. नीतिमान ठरून घरी गेला तो हा, असं येशू सांगतो.

परूश्याची प्रार्थना पुन्हा एकदा वाचा. तिच्यात मागणं एकही नाही. ज्याने काही मागितलंच नाही, तो घेऊन तरी काय जाणार?

मग माझ्यात ते आहे का, हे कसं कळायचं?

मला कसं कळलं ते सांगते. संडे स्कूलच्या वार्षिक बक्षीस समारंभात मी एक बक्षीस ठेवलं होतं, बावन्नपैकी बावन्न रविवार हजर असणाऱ्या मुलासाठी. वर्गात दहा-अकरा वर्षांची एक मुलगी होती. तिची आई आयाचं काम करायची. आईची रविवारी पाळी आली की धाकट्या भावाला सांभाळायला ही घरी. वर्षात तिचे सतरा रविवार चुकले. बक्षीस माझ्या मुलाला मिळालं. खरं तर त्याचेही दोन रविवार तापात गेले होते. पण वही माझ्या हातात होती, आणि 'घरी माझ्याबरोबर वचन वाचलं की' असं मनाशी म्हणत मी त्याची हजेरी लावली होती.

समारंभात ती मुलगी जोरजोरात टाळ्या वाजवत होती. मी घरी आले, वही उघडली आणि त्या दोन खुणांकडे बघत बसले. लबाडीचं वाईट वाटलंच. पण जास्त वाईट याचं वाटलं की ते दोन रविवार भरताना मला अजिबात खटकलं नव्हतं, आणि हिचे सतरा रिकामे चौकोन बघताना मात्र मनात आलं होतं, 'या लोकांना शिस्तच नाही.' 'या लोकांना.' हे माझेच शब्द, मनातल्या मनात, प्रभूच्या घरात बसून.

पुढच्या रविवारी मी हे वर्गात सांगितलं. मुलं गप्प. मग तीच मुलगी म्हणाली, "टीचर, मग माझे पण सतरा लावा ना. मी घरी भावाला गोष्ट सांगते." मी लावले. त्यानंतर आमच्या वर्गात हजेरीवही ठेवली नाही.

तुमच्यासाठी खूण विचाराल तर एवढीच: स्वतःला सूट देताना आणि दुसऱ्याचा हिशेब धरताना तुमचं माप एकच असतं का, ते बघा.

मी इतकी वर्षं सेवा करते, कुणाचं वाईट चिंतत नाही. तरी कधीकधी मंडळीतच इतका राग का येतो?

कारण आपण थोरल्या मुलाच्या जागी आहोत. लूक १५ ला आपण 'उधळ्या पुत्राची गोष्ट' म्हणतो. वाटणी उधळून धाकटा घरी येतो, बाप त्याच्यासाठी मेजवानी घालतो, आणि तिथेच आपण पुस्तक मिटतो. गोष्ट पुढे आहे. थोरला शेतातून येतो, वाजंत्री ऐकतो आणि आत जायला तयार होत नाही. बाप बाहेर येतो. धाकट्यासाठी तो धावत बाहेर गेला होता, थोरल्यासाठीही त्याला घराबाहेर यावं लागतं. थोरला म्हणतो, इतकी वर्षं तुमची चाकरी करतोय, मित्रांबरोबर चैन करायला साधं करडू कधी दिलं नाहीत. 'चाकरी' हा शब्द लक्षात घ्या. मुलगा असून तो वर्षानुवर्षं गड्यासारखा राबत होता, आणि ते बापाला ठाऊकच नव्हतं. बाप म्हणतो, बाळा, तू कायम माझ्याजवळ आहेस, माझं आहे ते सगळं तुझंच आहे.

तो आत गेला का? येशूने सांगितलेलं नाही. मंडळीच्या वर्धापनदिनाला पहाटे चारपासून पातेल्यांजवळ राबून, नंतर आभार मानताना आपलं नाव राहिलं म्हणून आठ-आठ दिवस अबोला धरणाऱ्या बायकांमध्ये मीही होते. तो दाराबाहेरचा अंगण माझ्या चांगला ओळखीचा आहे.

रविवारी ड्यूटी असते, उपासना चुकते. देव नाराज होतो का?

नाही. मिरजेत तर हा प्रश्न पडायलाच नको. डॉक्टर विल्यम वॉनलेस १८८९ साली भारतात आले, १८९४ साली इथे त्यांचं हॉस्पिटल उभं राहिलं, आणि तेव्हापासून इथल्या ख्रिस्ती घरांतलं कोणी ना कोणी रविवारी वॉर्डात असतंच. येशूने शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, रोगी बरे केले आणि ठपका घेतला. ड्यूटी नीट करा, घरी येऊन झोपा.

मग उपास, लेंट (ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस), दशांश हे सगळं सोडून द्यायचं का?

सोडू नका. येशूने स्वतः उपास केला, आणि मत्तय ६ मध्ये तो 'तुम्ही उपास करता तेव्हा' असंच बोलतो. फक्त डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, लोकांना दाखवायला चेहरा पाडून फिरू नका, असं सांगतो.

पण दिवस बदलून मन बदलत नाही, हे ध्यानात असू द्या. ख्रिस्ती मंडळीच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या एका शिकवणपुस्तिकेत लिहिलंय की ढोंगी लोक सोमवारी आणि गुरुवारी उपास करतात, तेव्हा तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी करा. वाचून मला हसू आलं नाही, भीती वाटली. 'त्यांच्यापेक्षा आपण वेगळे' हे दाखवायची घाई तेव्हापासूनच आपल्यात आहे. लेंटमध्ये मटण सोडलं हे चाळीस दिवसांत चाळीस जणांना सांगणारे आपणच.

दशांशाबद्दल थोडक्यात: द्या, आनंदाने द्या. देणगीदारांची नावं आकड्यांसकट माइकवरून वाचायची पद्धत मला पटत नाही. येशू दानपेटीसमोर बसला होता, तेव्हा त्याने शिष्यांना बोलावून दाखवलं ते दोन लहान नाणी टाकणाऱ्या विधवेला (मार्क १२). आपल्या यादीत तिचं नाव शेवटून पहिलं आलं असतं.

कृपेनेच तारण होतं, तर चांगलं वागायचं कशाला?

हा प्रश्न पौलाच्या काळीच विचारला गेला. कृपा वाढावी म्हणून पापात राहावं काय, असं तो स्वतःच विचारतो आणि 'कधीच नाही' असं उत्तर देतो (रोम ६). इफिस २ मधलं नववं वचन पाठ असलेल्यांनी दहावंही पाठ करावं: आपण सत्कृत्यांसाठी निर्माण झालो आहोत. सत्कृत्यांनी नव्हे, सत्कृत्यांसाठी. याकोब म्हणतो की कर्मांवाचून विश्वास निर्जीव आहे, आणि देव एक आहे असा विश्वास भुतेही धरतात व थरथर कापतात. मला त्यात आणि पौलात भांडण दिसत नाही. पौल 'मी फेडीन' म्हणणाऱ्याला थांबवतो, याकोब 'मला काय त्याचं' म्हणणाऱ्याला हलवतो.

जकातदारांचा मुख्य असलेल्या जक्कयाचं बघा. येशू त्याला 'तुझ्या घरी उतरायचं आहे' म्हणाला, तेव्हा त्याने एक पैसा परत केला नव्हता. आधी येशू घरी आला, मग अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट. क्रम हा असा आहे.

नवरा दारू पिऊन मारतो. रविवारी रडून क्षमा मागतो. मंडळीचे पंच म्हणतात, 'प्रभूने तुला क्षमा केली, तू त्याला कर.' मी काय करू?

हा प्रश्न मला एकीने विचारलेला नाही. कॅज्युअल्टीत टाके घालताना विचारला गेलाय, आणि अशा वेळी 'मोरीत पडले' असं केसपेपरवर लिहायला सांगणारी सासूही शेजारी उभी असायची.

ताई, आधी सुरक्षित जागी जा. माहेर, बहीण, शेजार, कुठेही. ११२ वर फोन लावला की पोलीस येतात, महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २००५ चा आहे. त्याखाली तुम्हाला संरक्षणाचा आदेश मागता येतो, आणि राहत्या घरात राहण्याचा हक्कही. दवाखान्यात गेलात तर खरं कारण लिहून घ्या.

आता क्षमेबद्दल. सूड न घेणं, त्याचं वाईट न चिंतणं, हे प्रभू तुमच्याकडून हळूहळू करून घेईल. त्यासाठी मार खायला त्याच घरात राहिलं पाहिजे असं पवित्र शास्त्रात कुठेही नाही. बाप्तिस्मा करणारा योहान म्हणाला की पश्चात्तापाला शोभतील अशी फळं द्या. रविवारचे अश्रू म्हणजे फळ नाही. व्यसनमुक्तीला जाणं, महिनोन् महिने हात न उचलणं, पगार घरी देणं, तुम्ही परत याल का हे तुमच्यावर सोडणं, ही फळं. जर्मन पाळक डीट्रिख बोन्होफर यांनी १९३७ साली 'स्वस्त कृपे'विरुद्ध लिहिलं. पश्चात्तापावाचून वाटलेली क्षमा त्यांनी तिच्यात धरली. नाझी राजवटीला विरोध केला म्हणून एप्रिल १९४५ मध्ये त्यांना फाशी झाली. आपले पंच जेव्हा मार खाणाऱ्या बाईला क्षमेचा उपदेश करतात आणि मारणाऱ्याला प्रभुभोजनाच्या रांगेत उभं करतात, तेव्हा ते हीच स्वस्त कृपा वाटत असतात, आणि तिची किंमत ती बाई मोजत असते. हे मी पंचांच्या तोंडावर बोलले आहे. पुन्हाही बोलेन.

इतकी प्रार्थना करूनही आजार बरा होत नाही. लोक म्हणतात, विश्वास कमी पडतोय.

असं बोलणाऱ्यांनी विश्वासालाच कर्म करून टाकलं आहे: जितका जोर लावाल तितकं मिळेल. पौलाने आपल्या शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा गेला नाही. उत्तर आलं, "माझी कृपा तुला पुरे आहे" (२ करिंथ १२:९). पौलाचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल? आणि मार्क ९ मधल्या त्या बापाने तर येशूला सरळ सांगितलं की माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला मदत कर. तरी त्याचा मुलगा बरा झाला.

नर्स म्हणून हात जोडून एक सांगते: 'देवाने बरं केलं' अशी साक्ष देता यावी म्हणून इन्सुलिन, बीपीच्या गोळ्या, टीबीचा कोर्स मध्येच बंद करू नका. असे पेशंट मी पाहिले आहेत. सगळे परत घरी गेले नाहीत.

जन्मभर वाईट वागून शेवटच्या घटकेला विश्वास ठेवणाऱ्याला आमच्याइतकंच? हा न्याय झाला का?

तासगावकडच्या बागेत नेऊन हा दाखला वाचायला हवा (मत्तय २०). तिकडे ऑक्टोबरच्या फळछाटणीला मजूर मिळता मिळत नाहीत. दाखल्यातला मालकही भल्या सकाळपासून संध्याकाळी पाचपर्यंत पाच वेळा बाहेर पडून माणसं आणतो, आणि शेवटी सगळ्यांना एक-एक दीनार देतो, म्हणजे तेव्हाचा एका दिवसाचा रोज. सकाळपासून उन्हात राबलेले कुरकुरतात. आपणही कुरकुरलो असतो. पण त्यांचं काही कापलं गेलं का? ठरलं तेवढं मिळालं.

पाच वाजता आलेला माणूस दिवसभर झोपलेला नव्हता. "आम्हाला कोणी कामाला लावलं नाही," असं तो सांगतो. मजुरांच्या नाक्यावर सकाळपासून उभं राहून ज्याला कोणी नेत नाही, त्याच्या घरी संध्याकाळी पोरांना भूक तेवढीच लागलेली असते. मालकाने त्या भुकेचा हिशेब केला, तासांचा केला नाही.

आमचं घराणं चार पिढ्या ख्रिस्ती आहे. नव्याने आलेले आणि आम्ही सारखेच कसे?

माझे पणजोबाही मिशनच्या बंगल्यावर काम करायचे, म्हणून हा मोह मला माहीत आहे. पौलाजवळ याहून मोठी यादी होती: आठव्या दिवशी सुंता, बन्यामिनाचा वंश, नियमशास्त्राने परूशी. ते सगळं त्याने ख्रिस्तापुढे केरकचरा मानलं (फिलिप्पै ३).

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. पुढे त्यांनी स्वतः लिहिलं की त्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना उमगलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध पवित्र शास्त्र मराठीत आणणाऱ्या बाईचे हे बोल आहेत. मी दरवर्षी नव्या वर्गाला ते सांगते.

आणि साताऱ्याची आठवण ठेवा. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ साली मिशनची नोकरी आणि पगार सोडून साताऱ्याला आले आणि तिथे 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसावेत, असं त्यांच्या मनात होतं. दोनच वर्षांत, १९१९ साली ते वारले. शंभर वर्षं उलटून गेली, आणि आपण अजून कोणाचं आडनाव कुठल्या बाकावर शोभतं हे बघतोय.

कॅथलिक कर्मांनी तारण मानतात आणि प्रोटेस्टंट कृपेने, हे खरं का?

इतकं सोपं नाही. १५१७ मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरपासून हा वाद पेटला आणि चारशेहून अधिक वर्षं चालला. पण ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीत ऑग्सबर्ग इथे कॅथलिक मंडळी आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी एकत्र सही केली, की देव माणसाला स्वीकारतो ते केवळ कृपेने, आपल्या कुठल्याही गुणामुळे नाही. २००६ साली मेथडिस्टही त्यात आले. काही मतभेद उरले आहेत, पण शेजारच्या कॅथलिक घराला नावं ठेवायला आता ते पुरणार नाहीत.

मी चार वर्षं चर्चला गेले नाही. घटस्फोट झाला, लोक बोलायला लागले. आता परत कशी जाऊ?

रविवारी या. पहिल्या गीताला उशीर झाला तरी चालेल, मागचं दार उघडंच असतं. डावीकडच्या शेवटच्या बाकावर पंख्याखाली मी बसते. कुठे होतीस म्हणून मी विचारणार नाही, आणि दुसरं कोणी विचारलं तर सांगायची सक्ती नाही. पापांगीकाराची प्रार्थना सगळे मिळून म्हणतात, त्यात माझाही आवाज असतो. उपासनेनंतर चहा आहे. पाऊस असेल तर फोन करा, रिक्षा घेऊन मी तुमच्या गल्लीच्या तोंडाशी येते.